संगणक कंपनीचा, म्हणून सगळेच कंपनीचे?

ऑफिसच्या संगणकावर काही खासगी पाहायचे असेल तर ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडायची, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. त्या खिडकीत शिरताना समोर येणारी सूचना मात्र फारसे कोणी वाचत नाही. तुम्ही काय पाहता ते तुमच्या नोकरी देणाऱ्याला दिसू शकते, असे गूगलनेच तिथे लिहून ठेवले आहे. इन्कॉग्निटो लपवते ते त्याच संगणकावर नंतर बसणाऱ्यापासून. कंपनीच्या नेटवर्कपासून नाही. जोडणी सुरक्षित असल्याची खूण म्हणून काही ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या कुलपाचीही तीच गत आहे. घरच्या संगणकावर त्या कुलपाचा भरवसा धरायला हरकत नाही, पण कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर कंपनीने स्वतःचे सुरक्षा प्रमाणपत्र आधीच बसवलेले असू शकते. मग कर्मचारी आणि त्याची वेबसाइट यांच्यामध्ये कंपनीचा प्रॉक्सी सर्व्हर बसतो, मजकूर उलगडून तपासतो आणि पुन्हा सांकेतिक करून पुढे धाडतो. कुलूप दिसायचे ते दिसतच राहते. बऱ्याच कंपन्या बँका आणि रुग्णालयांच्या वेबसाइट या तपासणीतून वगळतात, पण वगळल्या आहेत की नाही हे वेबसाइटचे प्रमाणपत्र कोणी दिले ते उघडून पाहिल्याशिवाय कर्मचाऱ्याला कळत नाही. व्हॉट्सॲप वेबचे संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाहीत हे खरे. पडद्यावर उमटलेल्या संदेशाचा फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटेत थांबायची गरजच नसते. आणि व्हीपीएन? पाहणारा यंत्राच्या आतच बसलेला असेल तर त्याच्यापुढे व्हीपीएनचा काही उपयोग नाही. वर, परवानगीशिवाय व्हीपीएन टाकणे हाच अनेक कंपन्यांत शिस्तभंग ठरतो.

म्हणून कामाच्या संगणकावरची खासगी बाजू तांत्रिक युक्त्यांनी वाचवता येईल, ही आशा सोडून द्यावी. आज कर्मचाऱ्याच्या हातात आहे ते एवढेच: खासगी काम स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर करायचे, ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःचे गूगल खाते जोडायचे नाही, कारण त्यासोबत घरचे साठवलेले पासवर्डही ऑफिसच्या यंत्रात उतरू शकतात, व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी अधूनमधून तपासायची, नोकरी सोडण्याच्या आधी सगळीकडून लॉगआउट व्हायचे. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत किंवा कर सल्लागाराच्या छोट्या कार्यालयात तर महागड्या पाळत सॉफ्टवेअरचीही गरज नसते. तिथे एकच संगणक चौघे वापरतात, पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतात आणि ‘आयटी विभाग’ म्हणजे एनीडेस्कसारख्या दुरून संगणक हाताळायच्या ॲपवरून आत येणारा, मालकाच्या ओळखीतला कोणी तरी मुलगा असतो.

हा सल्ला योग्य आहे, पण तो प्रश्नाचे उत्तर नाही. भरलेला संसार मागे ठेवून माणूस नऊ तास ऑफिसात बसतो. त्या वेळात मुलाच्या शाळेचा मेल येतो, आईच्या रक्ततपासणीचा अहवाल येतो, विम्याचा हप्ता भरायचा राहतो. फोन वापरा म्हणणे सोपे आहे. परदेशी बँकांचे किंवा विमा कंपन्यांचे काम करणाऱ्या बीपीओंमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवूनच आत जावे लागते, तिथे समोरचा कंपनीचा पडदा हीच बाहेरच्या जगाची एकमेव खिडकी असते. जिथे फोन चालतो तिथेही तो अनेकदा कंपनीच्या वाय-फायवर असतो, किंवा ऑफिसचे मेल वाचता यावेत म्हणून त्यात कंपनीचे व्यवस्थापन ॲप टाकलेले असते. काय जपायचे याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. काय पाहायचे, कशासाठी पाहायचे आणि पाहत आहोत हे कसे सांगायचे, याचे बंधन पाहणाऱ्यावर असले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: यंत्र कंपनीचे, इंटरनेटचे बिल कंपनी भरते, वेळेचा पगारही तीच देते, मग त्यावर जे होते ते पाहण्याचा हक्क तिचाच. हा युक्तिवाद शेवटपर्यंत ताणला गेला तो रोमानियातल्या एका खटल्यात. बुखारेस्टमधल्या एका कंपनीने ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी बर्बुलेस्कू नावाच्या विक्री अभियंत्याला याहू मेसेंजरचे खाते उघडायला लावले होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने काही दिवस त्याचे संदेश नोंदवले. मी फक्त कामासाठीच वापरतो, असे त्याने सांगताच त्याच्यासमोर ४५ पानांची नोंद ठेवण्यात आली. तिच्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेले, तब्येतीपासून शरीरसंबंधापर्यंतचे बोलणे होते. ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली. देशातल्या न्यायालयांनी कंपनीला उचलून धरले, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या पहिल्या पीठानेही २०१६ मध्ये तेच केले. मात्र ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरवला. कंपनीने खासगी वापरावर बंदी घातली होती आणि ती त्याला ठाऊकही होती, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण संदेशांचा मजकूर वाचला जाईल हे त्याला आधी सांगितले होते का, एवढ्या खोलात जाण्याचे कारण काय होते, त्याहून सौम्य उपाय होता का, हे प्रश्न रोमानियाच्या न्यायालयांनी नीट विचारलेच नाहीत, असे पीठाचे म्हणणे पडले. मालकाच्या सूचनेने कर्मचाऱ्याचे खासगी आयुष्य कार्यालयात शून्यावर आणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. यंत्र कोणाचे, याचे उत्तर मिळाले म्हणून त्या यंत्रावर लिहिलेले पत्र कोणाचे हे ठरत नाही. कंपनी बंदी घालू शकते, बंदी मोडल्याबद्दल समजही देऊ शकते. त्यासाठी होणाऱ्या बायकोला काय लिहिले ते वाचावे लागत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम यंत्रणेत घुसलेले मालवेअर आणि बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेवरचे बनावट संदेश यांचा हा प्रताप. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाला कागद-पेनावर यावे लागले. असे प्रकार डोळ्यांसमोर असताना कोणत्याही संस्थेला नेटवर्कवर लक्ष ठेवू नका असे म्हणता येणार नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने तर संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे कंपन्यांना बंधनकारकच केले. पण सुरक्षेला लागते काय, ते नीट पाहा. कोणत्या यंत्रावर कोणता अनोळखी प्रोग्राम चालू झाला, कोणत्या पत्त्याशी जोडणी झाली, ग्राहकांच्या माहितीची मोठी फाइल बाहेर चालली आहे का, रात्री दोन वाजता कोणी लॉगिन केले. यातल्या कशासाठीही कारकुनाच्या पडद्याचा दर पाच मिनिटांनी फोटो काढावा लागत नाही, की त्याने कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ साठवावी लागत नाही. उलट असा साठा हाच नवा धोका बनतो. चोराला मग एकाच ठिकाणी सगळ्यांचे पासवर्ड मिळतात. चोरही लागतोच असे नाही. ‘एच अँड एम’ या कपड्यांच्या कंपनीच्या जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग केंद्रात व्यवस्थापक कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या, घरगुती भांडणांच्या, धर्माच्या नोंदी संगणकावर ठेवत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका तांत्रिक चुकीने त्या काही तास साऱ्या कंपनीला दिसू लागल्या, आणि वर्षभराने हॅम्बुर्गच्या डेटा संरक्षण नियामकाने ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड ठोकला. त्या नोंदी कोणी गुप्तहेराने नव्हे, रजेवरून परतलेल्याची विचारपूस करणाऱ्या साहेबांनीच जमवल्या होत्या.

राहिला तिसरा, कामचुकारपणाचा आक्षेप. तोच खरा, असा माझा संशय आहे, कारण ‘सुरक्षा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाळत सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरे उत्पादकतेचीच असतात. यात आपल्या घरचाही एक दाखला आहे. लंडनमधल्या बार्कलेज बँकेने फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्यालयात एक प्रणाली आजमावली. कोण किती वेळ संगणकावर आहे ते ती मोजायची आणि मागे पडणाऱ्याला टोकायची. तिचे नाव ‘सेपियन्स’, आणि ती बनवणाऱ्या कंपनीचा जन्म पुण्यातला. कर्मचारी भडकले, बातमी बाहेर आली आणि बँकेला व्यक्तिगत नोंदी दाखवणे थांबवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टलाही ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून कर्मचाऱ्यांची नावे काढून टाकावी लागली. मोजमापाने काम वाढते का, याचे उत्तर अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने नकळत दिले. २०२४ मध्ये तिने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढले. त्यांचा गुन्हा काय, तर कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण करणे. माउस हलता ठेवणारी छोटी यंत्रे बाजारात सहज मिळतात, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले ते पाळतीनेच. हालचाल मोजली की हालचाल मिळते. काम झाले की नाही हे पाहायचे असेल तर फाइल वेळेत आली का, हिशेब जुळला का, ग्राहकाची तक्रार सुटली का, हे पाहावे लागते. त्यासाठी साहेबाला स्वतः थोडे काम करावे लागते, हीच काय ती अडचण.

आता आपल्या कायद्याकडे वळू, कारण खरी चिंता तिथे आहे. बर्बुलेस्कू निकालाच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. या कायद्याच्या कलम ७ मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याच्या मुभा दिल्या आहेत. त्यांपैकी एक मुभा नोकरीच्या कारणासाठी आहे, आणि मालकाला नुकसानीपासून किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठीही. संमती का नाही, यावर बराच गदारोळ झाला. मला तो चुकीच्या जागी झालेला वाटतो. पगार देणाऱ्याने पुढे केलेल्या कागदावरची सही कधीच पुरती मोकळी नसते. रुजू होण्याच्या दिवशी चाळीस कागदांखाली सही करणारा तरुण त्यातल्या सतराव्या कागदाला नाही म्हणेल, अशी कल्पना करून पाहा. युरोपातले नियामकही नोकरीच्या ठिकाणच्या संमतीवर विसंबत नाहीत.

गोम पुढे आहे. या कायद्यात माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना देण्याचे बंधन संमती मागण्याशी जोडलेले आहे. स्वतःबद्दलची माहिती पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा कलम ११ व १२ मधला हक्कही, ज्याने संमती दिली त्यालाच आहे. म्हणजे संमतीची अट सुटली की तिच्या पाठोपाठ सूचना जाते, पाहण्याचा हक्क जातो, चूक दाखवण्याचा हक्कही जातो. आपल्या पडद्याचे फोटो काढले जातात हे कर्मचाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. त्यावरून आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते मागण्याचा अधिकार नाही. उरतो तो माहिती सुरक्षित ठेवण्याचा मालकावरचा भार, ज्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रार करण्याचा मार्ग. पण जे माहीतच नाही त्याची तक्रार करायची कशी? भरीस भर, पासवर्ड, बँकेचे तपशील आणि आरोग्याची माहिती घेण्याआधी लेखी संमती मागणारे २०११ चे नियम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ४३अ वर उभे आहेत, ते कलमच नवा कायदा रद्द करतो. जुने नियम फारसे पाळले गेले नाहीत हे खरे, पण बोट ठेवायला निदान एक ओळ तरी होती.

‘ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरायचे’, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे: जिला वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करायची आहे ती वकिलाचा पत्ता शोधते, घोटाळा लक्षात आलेला हिशेबनीस कायदा चाळतो, गर्भारपणाची बातमी अजून ऑफिसात न सांगितलेली मुलगी रजेचे नियम वाचते. यांतल्या कोणीही काही गैर करत नाही, आणि तरीही ज्याला कळू नये नेमक्या त्याच माणसाला ते आधी कळणे तिघांनाही महागात पडू शकते.

मागणी मोठी नाही. संगणकावर काय नोंदवले जाते, मजकूर वाचला जातो की फक्त वेबसाइटचे नाव, किती दिवस ठेवले जाते, कोणाच्या परवानगीने उघडले जाते आणि शिस्तभंगाच्या कारवाईत वापरता येते का, हे सोप्या मराठीत एका पानावर लिहून प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात द्यावे. कारवाई झाली तर ज्या नोंदीवरून झाली ती त्याला पाहू द्यावी. नोंद कोणी, कधी, कशासाठी उघडली याचीही नोंद राहावी, म्हणजे पाहणाऱ्यावरही कोणाचे तरी लक्ष राहील. कलम ११ आणि १२ मध्ये नोकरदारांचा समावेश करायला संसदेची दुरुस्ती लागेल. पण कंपन्यांना हे पान छापायला मे २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि राज्य सरकारच्या हातातही दुकाने व आस्थापनांतल्या सेवाशर्तींचा २०१७ चा स्वतःचा कायदा आहे. पिण्याचे पाणी, पाळणाघर आणि कामाचे तास ज्या कायद्यात बसतात, त्यात संगणकाच्या पाळतीची लेखी सूचनाही बसू शकेल.