मद्यातील चातुर्वर्ण्य

मुंबईपासून मांडवा-अलिबागपर्यंतच्या समुद्रकाठच्या उंची उपाहारगृहांत अलीकडे एक नवा सोहळा रुजला आहे. ‘वाइन पेअरिंग डिनर’ असे त्याचे नाव. त्या संध्याकाळपुरती एखादी कल्पना ठरवायची, उदाहरणार्थ ‘कोकणचा किनारा’. भोजनाचे पाच टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याला साजेशी वाइन द्यायची. तळलेल्या बोंबलांबरोबर शेनिन ब्लाँ, कोलंबीबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ, मसालेदार मटणाबरोबर शिराझ. प्रत्येक प्याल्यामागची माती, हवा आणि गंध एक जाणकार समजावून सांगतो. समोर सूर्य मावळत असतो, मित्रमंडळी प्याले उंचावतात आणि एकेका पानाचा खर्च हजारांच्या घरात जातो.

या सोहळ्यावर टीका केली की सुशिक्षित मित्रांकडून एक ठरावीक उत्तर येते : तुम्हां समाजवाद्यांना आनंदाचेच वावडे आहे! हा आरोप प्रथम बाजूला सारला पाहिजे. मित्रांनी एकत्र बसून चार घास चवीने खावेत, यात गैर काही नाही. समाजवाद हा सुतकी चेहऱ्यांचा पंथ नव्हे. आनंद मूठभरांच्या मालकीचा राहू नये, हेच तर त्याचे म्हणणे आहे. व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, ती या मेजवान्यांना तंतोतंत लागू पडते; तथापि केवळ दिखाऊपणाबद्दल लेखणी झिजविण्याचे कारण नाही. आक्षेप निराळा आहे. या मेजावर एक अदृश्य यजमान बसलेला असतो आणि त्याचे नाव महाराष्ट्र शासन. गरिबाच्या पेल्यासमोर हेच शासन दंडुका घेऊन उभे राहते. श्रीमंताच्या प्याल्यासमोर मात्र ते हात जोडून उभे असते.

हे अलंकारिक विधान नव्हे. साधे अंकगणित आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने देशी दारूवरील उत्पादन शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये केले. विदेशी म्हणविल्या जाणाऱ्या दारूवरही मोठी वाढ केली. वाइन आणि बिअर यांना मात्र हात लावला नाही. राज्यातील द्राक्षांपासून झालेल्या वाइनला २००१ च्या धोरणाने उत्पादन शुल्कातून मुक्तच केले होते. ही माफी वाढत वाढत दोन दशके टिकली आणि २०२१ च्या अखेरीस शुल्क बसविले ते लिटरमागे अवघे १० रुपये. आता दोहोंची तुलना समान मापाने करू. प्रूफ लिटरमध्ये सुमारे ५७ टक्के मद्यार्क असतो. वाइनमध्ये साधारण १२ टक्के. म्हणजे शुद्ध मद्यार्काच्या एका लिटरमागे देशी दारू पिणारा हमाल सुमारे ३६० रुपये उत्पादन शुल्क भरतो. शिराझचा आस्वाद घेणारा संचालक भरतो सुमारे ८३ रुपये. ज्याची क्रयशक्ती कमी त्याच्यावर चौपटीहून अधिक भार! करभार ऐपतीनुसार असावा, हे तत्त्व आम्ही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. मंत्रालयात ते उलटे टांगलेले दिसते.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. वाइनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे. परंतु वाइन उद्योगाच्या प्रोत्साहन योजनेखाली त्यातील १६ टक्के उत्पादकाला परत मिळण्याची सोय आहे. म्हणजे ग्राहकाने कर म्हणून दिलेल्या दर पाच रुपयांतील चार रुपये कारखानदाराच्या तिजोरीत जातात. राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणून अंगणवाडी सेविकेचे मानधन रखडते, आश्रमशाळेचे छप्पर गळत राहते. या परताव्याच्या वेळी मात्र तो खडखडाट कोणाला ऐकू येत नाही.

यावर समर्थक म्हणतात की, वाइन सौम्य आहे, ती शेतमालापासून होते, म्हणून तिला वेगळा न्याय. ठीक आहे, हाच न्याय सरसकट लावा. ज्या किनाऱ्यावर या मेजवान्या झडतात त्याच किनाऱ्यावर माडाची माडी निघते. ती सौम्य नाही काय? ती झाडापासूनच येत नाही काय? भंडारी समाजाच्या या पिढीजात व्यवसायाची मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने कोंडी केली; झाडागणिक कर बसविला आणि स्थानिक उत्पन्न सरकारी मक्तेदारीच्या दावणीला बांधले. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा स्वतंत्र कायदा आला. झाडाखाली गळून पडलेले फूल घरात साठविणे हेदेखील कातकरी-ठाकरांसाठी संशयास्पद कृत्य ठरले. हा कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा, अलिबागचा रायगड. त्या कायद्यांमागे नीतीची चाड नव्हती; महसुलाची हाव होती. स्वातंत्र्यानंतर आपण राज्यकर्ते बदलले, पण ही दृष्टी बदलली नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठविले, हे चांगले झाले. तरीही आदिवासीने त्या फुलांचा अर्क घरी गाळला तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये तो आजही गुन्हेगार आहे. द्राक्ष आंबविले तर उद्योग, मोह आंबविला तर गुन्हा! हे मद्यातील चातुर्वर्ण्य नव्हे तर काय? वाइनला वेदोक्त आणि माडीला पुराणोक्तही नाही.

दुसरा युक्तिवाद शेतकऱ्याच्या नावाने होतो. जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय तत्कालीन सरकारने घेतला, तेव्हाही द्राक्षबागाईतदारालाच ढाल म्हणून पुढे केले गेले. वस्तुस्थिती अशी की महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी फार मोठा हिस्सा खाण्याच्या द्राक्षांचा आणि बेदाण्याचा असतो. वाइनच्या जातींचा वाटा अगदी अल्प. अवकाळी पावसाने आणि गारपिटीने ज्याची बाग झोपते, तो नाशिक-सांगलीचा सामान्य बागाईतदार या धंद्यात बहुधा नसतोच. जे त्यात उतरले, त्यांचा अनुभवही बोलका आहे. २००८ नंतरच्या मंदीत वाइनचा उठाव खुंटला, तेव्हा अनेक शेतकऱ्यांवर वाइन-द्राक्षांच्या बागा उपटून टाकण्याची पाळी आली. त्या दिवसांत उद्योगाला सवलत होती. शेतकऱ्याला हमीभाव नव्हता. बागेत छाटणी आणि खुडणी करणाऱ्या मजूर बाईचे नाव तर या हिशेबात कोठेच येत नाही.

किराणा दुकानांतील विक्रीचा तो निर्णय लोकांच्या विरोधामुळे अमलात आला नाही. त्या विरोधात स्त्रिया पुढे होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण दारूचा खरा हिशेब त्यांच्या चुलीपाशी होतो. गावातील वा प्रभागातील दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ निवडण्याचा हक्क २००८ च्या नियमाने दिला खरा. पण अट घातली ती मतदार यादीतील एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मतांची. प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, यादीतल्या! ही कसोटी आमदारांना लावली तर विधानसभेतील किती बाके भरतील? आणि स्वस्तातली दारू महाग करीत गेले की गरीब कोठे वळतो, याचे उत्तर मालाडच्या मालवणी वस्तीने जून २०१५ मध्ये दिले आहे. मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने तेथे शंभराहून अधिक माणसे मेली. समुद्र तेथूनही दूर नाही.

कोणी म्हणेल, मग तुमची भूमिका दारूबंदीची की मोकळिकीची? १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध नोंदविला होता. आपली परंपरा ती आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलमही त्याच दिशेचे आहे. परंतु त्या परंपरेचा अर्थ गरिबाला काठी आणि धनिकाला परतावा असा होत नाही. मद्य वाईट असेल तर ते समुद्रकाठच्या मेजावरही वाईट आहे. ते सुसह्य असेल तर माडाखालीही सुसह्य आहे.

म्हणून साथींनी गावोगावच्या सभांतून चार मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. मद्यावरील शुल्क मद्यार्काच्या प्रमाणात सर्वांना समान असावे आणि उंची मालावर ते अधिक असावे. वाइन उत्पादकांना मिळणारा कराचा परतावा बंद करून तो पैसा शेतकऱ्याच्या हमीभावाकडे आणि मजुरांच्या वेतनाकडे वळवावा. अनुसूचित क्षेत्रांत मद्याचे नियमन वा बंदी करण्याचा जो अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने मान्य केला, तो ग्रामसभेच्या हाती खरोखर द्यावा. आणि ‘आडव्या बाटली’चा निकाल प्रत्यक्ष मतदान करणाऱ्या स्त्रियांच्या साध्या बहुमताने लागावा.

मित्रांनी सूर्यास्त पाहत जरूर जेवावे. फक्त बिल त्यांचे त्यांनी पूर्ण भरावे. ज्याच्या घरात चूल कशीबशी पेटते, त्याच्या कनवटीला हात घालून त्यांच्या प्याल्याची किंमत कमी करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.