छायाचित्राची अक्षरओळख

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ८ जुलै २०२५ रोजी राज्यांना एक परिपत्रक धाडले. रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाईलवर नोंदविणे जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले होते. या व्यवस्थेतून कोणत्या पळवाटा निघाल्या, याची जंत्रीच त्यात होती. कामाशी संबंध नसलेली चित्रे चढविली जात होती, प्रत्यक्ष मजुरांऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र घेतले जात होते, नोंदीतली संख्या आणि चित्रातली माणसे यांचा मेळ बसत नव्हता. यावर काढलेला तोडगा सरकारी परंपरेला साजेसाच होता: छायाचित्रांची तपासणी करावी. पण तपासणाऱ्याला छायाचित्र वाचता येते काय, हा त्याआधीचा प्रश्न मागेच राहिला.

हा प्रश्न एका योजनेपुरता नाही. शाळेतला उपक्रम असो, रस्त्याची डागडुजी असो की पिकाची नुकसानी, पुरावा म्हणून आज छायाचित्र मागितले जाते आणि ते काढण्याचे काम बहुधा शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या गळ्यात पडते. टिपणी कशी लिहावी हे त्याला कोणीतरी शिकविलेले असते. छायाचित्र मात्र बटण दाबले की येते, अशी समजूत आहे. वास्तविक ही विद्या आपल्याला नवी नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही तीन वर्षे आधी! तरीही ती स्टुडिओत उमेदवारी करणाऱ्यांची कला राहिली; सर्वसाधारण शिक्षणात तिला कधी जागा मिळाली नाही.

या विद्येची मुळाक्षरे मूठभरच आहेत. प्रकाश किती आत घ्यावा, किती वेळ घ्यावा आणि कॅमेऱ्याने तो किती वाढवून नोंदवावा, या तिहींचा मेळ म्हणजे चित्राची उजळणी. ही वेळ दुप्पट केली की प्रकाशही दुप्पट होतो, इतके हे गणित सरळ आहे. ते चुकले तर उन्हातला पांढरा सदरा पांढराफटक होतो आणि त्याच्या घड्या नाहीशा होतात. त्या घड्या नंतर कोणत्याही संपादनाने परत आणता येत नाहीत, कारण तेथे माहितीच नोंदली गेलेली नसते. एखाद्या संगणकीय साधनाने त्या 'परत आणल्या' तर त्या त्याने रचलेल्या असतात. दुरुस्ती आणि बनावट यांतला भेद याहून सोप्या उदाहरणाने समजावणे कठीण.

प्रकाशरचनेचा धडा याहूनही मोलाचा आहे, आणि बाजारातल्या झटपट अभ्यासक्रमांत नेमकी त्याचीच हेळसांड होते. तेथे आरंभच संगणकावरच्या रंगरंगोटीने होतो. खरे तर एक दिवा, एक माणूस आणि सावली उजळविण्यासाठी थर्मोकोलचा एक तक्ता एवढ्यावर पहिले काही तास खर्च व्हावेत. छोट्या दिव्याची सावली धारदार पडते, मोठ्या खिडकीची मऊ. उघड्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की त्याचा उजेड चौथाईवर येतो. हे ज्याने स्वतः करून पाहिले, त्याच्या डोळ्यांना वेगळी सवय लागते. भर उन्हात शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या नाकांच्या सावल्या विरुद्ध दिशांना पडल्या तर तो थबकतो. पडद्यावरचे चित्र पुन्हा टिपले की अनेकदा लाटांसारखी जाळी उमटते. तीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. परिपत्रकाने तपासणाऱ्याकडून अपेक्षिलेली नजर हीच.

संपादन मुळातच पाप आहे, असे मात्र कोणी समजू नये. जुने स्टुडिओवालेही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसत असत. वाद आहे तो मर्यादेचा. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीत पोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के चित्रे फेरफारांमुळे बाद करावी लागली. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने दिलेले वेल्सच्या राजकन्येचे व मुलांचे छायाचित्र मोठ्या वृत्तसंस्थांनी मागे घेतले, ते मुलीच्या बाहीजवळचा सांधा जुळत नसल्यामुळे. कौटुंबिक चित्रात हे क्षम्य ठरेल. पंचनाम्यात ठरणार नाही.

आपल्या कायद्याने तर आता बारकावा गाठला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचे, त्यात त्या फाईलची 'हॅश' संख्या नमूद करावी लागते. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ही संख्या बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र वाटेत दाबून लहान केले जाते; म्हणजे पोचते ती मूळ फाईल नव्हेच. मूळ प्रत न उघडता जपावी आणि काय करायचे ते नकलेवर करावे, हा संपादनाच्या वर्गातला पहिला पाठ कित्येक कचेऱ्यांना ठाऊक नसावा, ही काळजीची गोष्ट आहे.

यावर एक आक्षेप येईल. कृत्रिम बुद्धिमत्ता सावल्याही अचूक पाडू लागली असताना ही अक्षरओळख काय कामाची? आक्षेप वजनदार आहे. बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने २०२३ साली सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत यंत्रनिर्मित चित्राला मिळालेले पारितोषिक नाकारले; परीक्षक जाणकार असूनही ते चित्र निवडले गेले होते. तेव्हा नुसत्या डोळ्यांवर विसंबता येणार नाही, हे मान्यच. परंतु अशा वेळी मूळ फाईल मागावी, त्याच जागेची आणखी चित्रे मागावीत, हे सुचायलाही चित्र घडते कसे हे ठाऊक असावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कृत्रिम चित्रांवर ठळक शिक्का मारण्याच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा साधी उजळणी आणि बनावट यांत रेघ कोठे ओढायची, हाच वाद उभा राहिला. ती रेघ केवळ दिल्लीत ओढून भागत नाही. तालुक्याच्या टेबलावर ती रोज ओढावी लागते.

शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात आणि कारकुनांच्या वर्गात याला दहा-बारा तास देणे अशक्य नाही. महागडा कॅमेरा लागत नाही. हाताशी असलेला मोबाईल आणि वर्गाची उत्तरेकडची खिडकी पुरते. शिकविणारेही दूर नाहीत. घराघरात मोबाईल आल्यापासून ज्यांचा धंदा पासपोर्टच्या चित्रांवर आणि लग्नसराईवर येऊन ठेपला, असे स्टुडिओवाले अजून गावोगावी आहेत. त्यांना मानधन देऊन आठवड्यातून एकदा शाळेत बोलावण्यासाठी एकही नवे पद मंजूर करावे लागणार नाही.