एकटा वाघ, एकटा रणगाडा

आमच्या जिंतूरकडच्या गावांत उन्हाळ्याच्या दुपारी पारावर कोळशाने वाघ-बकरीचा पट ओढला जायचा. चिंचोके म्हणजे बकऱ्या आणि मोठे खडे म्हणजे वाघ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मात्र कुणालाच खाता येत नाही. सगळ्यांनी मिळून वाघाची वाट अडवायची, एवढंच तिच्या हाती. पैशाचा खर्च नाही, पण डाव रंगला की जेवणाची शुद्ध राहायची नाही.

यंदा सुट्टीला आलेल्या भाच्याने ‘ओगर’ नावाचा खेळ आणला, तेव्हा पहिल्या डावातच मला ओळख पटली. स्टीव्ह जॅक्सन या अमेरिकी माणसाने तो रचला आणि १९७७ साली टेक्सासच्या ‘मेटागेमिंग’ कंपनीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून २ डॉलर ९५ सेंटला विकला. कागदी नकाशा, कात्रीने कापायच्या पातळ सोंगट्या आणि छोटी नियमपुस्तिका, बस्स. काळ भविष्यातला. एका बाजूला स्वतःच्या बुद्धीने चालणारा एकच महाकाय रणगाडा, तर समोर साधे रणगाडे, तोफा आणि पायदळ. त्याने मुख्यालय उडवायचं, यांनी त्याला रोखायचं.

“मामा, तोफांच्या मागे लागू नका, पट्टे तोडा,” भाचा सांगत होता. ओगरच्या साखळीपट्ट्यांच्या ४५ चौकटी कागदावर असतात. फासा लागला की पेन्सिलीने त्या खोडायच्या. १५ खोडल्या की त्याची चाल ३ घरांवरून २ वर येते, आणखी १५ गेल्या की १ वर. तोवर आपलं निम्मं पायदळ कामी आलेलं असतं. कुणाला पुढे घालायचं आणि कुणाला राखायचं, हे दर खेपेला ठरवावं लागतं. पट तोच, पण दोघे दोन वेगळे खेळ खेळत असतात. बाजू बदलली की विचारही बदलावा लागतो. हा खेळ जुना होत नाही, तो यामुळेच.

२०१२ साली चाहत्यांनी ९ लाखांहून जास्त डॉलरची वर्गणी देऊन त्याची दहा किलोंहून जड, देखणी पेटी काढायला लावली. पुढे त्याच जुन्या २ डॉलर ९५ सेंटला छोटी आवृत्तीही पुन्हा निघाली. पेटी सुंदरच आहे, पण मला ती छोटी आवृत्ती जास्त मोलाची वाटते. स्वस्त खेळ फाटेल, हरवेल अशी धास्ती नसते. त्यामुळे पोरं त्यात बिनधास्त हात घालतात आणि स्वतःचे नियम करून बघतात. वाघ-बकरीचे नियमही गावागणिक असेच बदलत आले.

परभणी, सेलू, पाथरीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सुट्टी लागण्याआधी मुलांना वाघ-बकरीचा पट शिकवा. मग त्यांना सांगा, वाघाच्या जागी उद्याचं एखादं यंत्र घ्या आणि त्याला अडवायचे नियम तुम्हीच लिहा. वहीचं एक पान आणि मूठभर चिंचोके पुरतील.