रुमालांच्या गाठी

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ओळीने रचलेले पाहताना, हा संग्रह कोणा विद्याप्रेमी राज्यकर्त्याने इतिहासाच्या आस्थेपोटी जतन केला असावा, असा समज मनात सहज उद्भवतो. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने हे कागद ताब्यात घेतले ते मुख्यतः महसुलाच्या कामासाठी, आणि १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने ते चाळले ते सनदांची शहानिशा करून, ज्यांचा हक्क शाबीत होईना त्यांच्या जमिनींवर सारा बसवण्यासाठी, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. ज्या दफ्तराच्या आधारे कित्येक घराण्यांची पिढीजात इनामे गेली, त्याच दफ्तरात आज त्यांचे वंशज आपल्या पूर्वजांची नावे शोधीत बसतात, हे दृश्य मला फार व्याकुळ करते.

एतद्देशीय अभ्यासकांना हे दफ्तर दीर्घकाळ मोकळेपणाने पाहता येत नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे त्यातील काही अंश सर्वांच्या हाती आला. उरलेले बहुतेक कागद अद्याप मोडीतच आहेत.

हे दफ्तर मुळात महसुलाच्या हेतूने हाताळले गेले, म्हणूनच कागदातील मजकुराबरोबर तो कोणी, कोणत्या हेतूने मागवला आणि कोणत्या रुमालात बांधला, हेही सांगावे, अशी विनंती आम्ही या अंकाच्या लेखकांना केली होती. अखेरच्या पानांवर एका वरातेची, म्हणजे रक्कम देण्याच्या लेखी हुकुमाची, छायाप्रत बाळबोध लिप्यंतरासह दिली आहे. मोडी शिकू इच्छिणाऱ्यांनी तिच्यापासून आरंभ करावा.