आई-बाबांना बसवून ठेवू नका

न्यूजर्सीतल्या आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात यंदाही पहिली रांग आजी-आजोबांची होती. चहा जागेवर, तिळगूळ जागेवर, जेवणाचं ताटही जागेवर. कोणी उठू लागलं की स्वयंसेवक धावत यायचे, "काकू, तुम्ही बसा, आम्ही आणतो." घरी परतताना गाडीत माझ्या मुलीनं विचारलं, "आजी बऱ्हाणपूरला एकटी बाजारात जाते ना? मग इथे तिला साधं पाणीसुद्धा का घेऊ देत नाहीत?" तेव्हापासून मन धुमसतं आहे, म्हणून हा लेख.

माझी आई पंचाहत्तरीची. बऱ्हाणपूरला तिची सकाळ राजघाटावर तापीच्या दर्शनानं सुरू होते. येताना भाजी, दुपारी वाळवणासाठी गच्चीचे जिने, संध्याकाळी देऊळ आणि कोणाच्या तरी ओट्यावर गप्पा. वैशाखात ऊन तापायला लागलं की ती फक्त आणखी लवकर निघते. व्यायाम करते असं ती कधी म्हणणार नाही. तीच आई न्यूजर्सीत आली की महिन्याभरात सोफ्याची होते. दळण नाही, देवळापर्यंत पायवाट नाही, ओळखीचा ओटा नाही. गाडी आमच्या हातात आणि आम्ही कामावर. सासरे बऱ्हाणपुरात लालबागहून शनवाऱ्यापर्यंत सायकलनं जायचे, इथे पत्रपेटीपर्यंत जायलाही थंडी आडवी येते. मावशी इथे मुलाकडे सहा महिने राहून परत गेली, तर दर नवरात्रात चढायची त्या इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्या तिला चढवेनात. "वय झालं" असं सगळे म्हणाले. सहा महिन्यांत एवढं वय होत नाही. पाय वापरात नव्हते, हे कोणी बोललं नाही.

साठीनंतर स्नायू झपाट्यानं झिजतात आणि न वापरले तर आणखी वेगानं. मांड्यांतली ताकद गेली की खुर्चीतून उठणं जड जातं, तोल जातो, आणि बाथरूममधल्या एका पडण्यानं खुब्याचं हाड मोडतं. व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या आई-बाबांसाठी त्याचा अर्थ काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ६५ वर्षांपुढच्यांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. म्हणजे नुसतं चालणंही पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हे घरच्या घरी होतं. "गुडघे दुखतात, चालू नका" हा आपला लाडका सल्लाही सोडायला हवा. झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा असतो आणि बसून राहिल्यानं तोच जातो. हृदयाचा त्रास किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, पण विचारावं ते कसं चालायचं हे.

आपल्याकडे चालणाऱ्यांच्या उदाहरणांची वाण नाही. हिंगण्याच्या झोपडीतून पुण्यात शिकवायला पायी ये-जा करणारे महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, सत्तरी उलटल्यावर १९२९ मध्ये युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. विनोबांनी १९५१ मध्ये भूदानासाठी चालायला सुरुवात केली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते आणि पुढची तेरा वर्षं ते चालत राहिले. बऱ्हाणपूरशेजारच्या मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक काळ चालून पंढरपूरला पोचते, आणि तिच्यात साठी-सत्तरीची माणसं कितीतरी असतात. त्यांना चालवतं ते ठरलेलं ठिकाण आणि सोबतीचा घोळका. आपण आई-बाबांना पावलं मोजणारं घड्याळ घेऊन देतो, पण जायला ठिकाण आणि चालायला सोबत देत नाही.

बऱ्हाणपूरचंही सगळं छान आहे असं नाही. फुटपाथ नाहीत, अरुंद गल्ल्यांत गाड्या वाढल्या, आईच्या मैत्रिणी आता कोपऱ्यावरही रिक्षानं जातात. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

लेख उपदेशाकडे झुकला, क्षमा असावी. ताटं पोचवणारी मुलं आपलीच आहेत, त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण माया वाढण्यातच असते असं नाही. आईला भाजी निवडायला, चिरायला, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला द्या. ती दमेल, थोडी कुरकुरेल, आणि रात्री शांत झोपेल.

मंडळापुढे माझ्या दोन मागण्या आहेत. पाहुण्या आई-बाबांसाठी आठवड्यातून तीन सकाळी चालण्याचा गट असावा. उन्हाळ्यात पार्कात, हिवाळ्यात मॉलमध्ये, कारण इथले बरेच मॉल दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांना आत येऊ देतात. ने-आण करायला आपण पाळ्या लावू. पहिल्या महिन्याची गाडी माझी. आणि गणपतीत वाढपाच्या यादीत ज्यांची इच्छा असेल त्या आजी-आजोबांची नावं आधी घाला. माझ्या आईचं नाव मी आजच देते आहे.