पाच माणसे, अडीच तिकिटे

दिवाळीच्या सुट्टीत काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरी कधी निघतच नाही. उत्तर ठरलेले असते. भातकापणी, घराची डागडुजी आणि उरलेल्या रविवारी मंडळाची बैठक. यंदा मात्र जेवताना मुलीने विचारले, "बाबा, आपण मालवणला कधी जाणार?" आम्ही ते हसण्यावारी नेणार, तोच आई म्हणाली, "माका पण समुद्र बघूचो हा."

आम्ही म्हणालो, "अगं, तू दादरला पाहिलास की!"

"गर्दीत खंय दिसता समुद्र? माणसांची डोकी बघलंय," आई म्हणाली.

बंधु-भगिनींनो, त्या उत्तराने आमचा घास हातातच राहिला. आईने समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत, हातात मेणबत्ती आणि भरलेले डोळे घेऊन. आपल्या कित्येक आयाबायांनी पाहिलेला समुद्र तेवढाच. दुःखाच्या दिवशी गेलो, वंदन केले, रात्रीची गाडी धरली. पाण्यात पाय बुडवून, काहीही काम नसताना, नुसते बसणे कुणाच्या वाट्याला आले?

सिंधुदुर्ग जिल्ह्याचे आठ तालुके. त्यांपैकी किनारा लाभला तो देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याला. आमची वैभववाडी घाटाच्या पायथ्याशी. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मुंबई-पुण्याची माणसे आमच्या दारावरून तारकर्लीला जातात. आम्ही मात्र सत्तर-ऐंशी किलोमीटरवर राहून तिथे पोचलो नाही.

सहल म्हणजे चैन, असे आम्हीही मानत आलो. पण इतिहास वेगळे सांगतो. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रकिनारा पाहिला. आपल्याकडे १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजेची तरतूद झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते कोणाकडे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे! कामगाराला विसावा हवा, हे ज्यांनी ओळखले त्यांचे नाव घेणारे आम्ही, घरच्या बाईला एक दिवस विसावा देत नाही. आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "समाजासाठी तुमच्याकडे रविवार आहेत. आमच्यासाठी एकही नाही." यावर उत्तर नव्हते. आम्ही वही काढली.

आधी तिकिटे. एस.टी.त पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. आई शहात्तर वर्षांची, तिचे काही नाही. सौ. आणि मुलगी अर्ध्या तिकिटात. मुलगा दहा वर्षांचा, त्याचेही अर्धे. पूर्ण तिकीट आमचे एकट्याचे. पाच माणसे, अडीच तिकिटे! आधार कार्डे मात्र आठवणीने बरोबर घ्यायची. तळेरे, कणकवली, मालवण असा मार्ग ठरला.

मग दिवस. मे महिन्यात गर्दी आणि उकाडा, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. म्हणून कापणी आटोपून दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दोन दिवस धरले. एक रात्र मुक्काम.

मुक्कामासाठी फोन केले. एका ठिकाणी भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले. आम्ही स्पष्ट सांगितले. क्षणभर शांतता, मग "खोली भरली आहे." मुलगी शेजारीच बसली होती. तिला सगळे कळले. बेत रद्द करावा, असे आमच्या मनात आले. तीच म्हणाली, "बाबा, दुसरा नंबर लावा." दुसरीकडे एका बाईंनी विचारले ते इतकेच, "म्हाताऱ्या माणसाला खालची खोली देऊ ना?" तिथेच आगाऊ पैसे पाठवले. आडनाव लपवायचे नाही आणि घरीही बसायचे नाही, हे त्या दिवशी मुलीने आम्हाला शिकवले.

पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! मुलांना त्या दाखवायच्या आहेत. होडीत चढताना आईच्या गुडघ्यांना त्रास वाटला, तर सौ. आणि आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ धक्क्यावर बसू. दुसऱ्या दिवशी तारकर्ली.

एक नियम आताच घातला आहे. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही आणि भरती-ओहोटी तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. नदीत पोहणाऱ्याला समुद्र कळतोच असे नाही.

पैशांसाठी जूनपासून दरमहा पाचशे रुपये डब्यात पडत आहेत. छपराचे काम थोडे पुढे गेले. शेजारी म्हणाले, "पैसे जास्त झाले वाटते!" झाले नाहीत. पण छप्पर पुढच्या वर्षीही शाकारता येईल. आईचे वय थांबणार नाही.

दोन दिवस घरची चूल बंद, हे सौ.ना सांगितले तेव्हा त्यांना खरेच वाटेना. आईने मात्र पांढरे लुगडे धुऊन वेगळे ठेवले होते. काल तिने ते परत पेटीत टाकले आणि विचारले, "हिरव्यातला नेसलंय तर चलात मां?"

आम्ही म्हणालो, "चालेल, आई."