अश्वशक्ती जमिनीपर्यंत पोचते का?

शर्यतीच्या मोटारीचे चित्र वर्गात आले की पहिला प्रश्न ठरलेला: "किती अश्वशक्तीची?" माझ्या मते हा प्रश्न अर्धा आहे, आणि आपल्या वर्गांतली गणितेही तो बहुधा अर्धाच सोडून देतात.

दोन गाड्या घ्या. १९९२ साली जाहीर झालेली मॅक्लारेन एफ-१: ६२७ अश्वशक्ती, वजन सुमारे ११४० किलो. २००५ साली आलेली बुगाटी वेरॉन: १००१ अश्वशक्ती, वजन सुमारे १८९० किलो. भागाकार करून पाहा. एका अश्वशक्तीच्या वाट्याला दोन्हीकडे १.८ ते १.९ किलो येतात. मग त्वरणही सारखेच हवे. पण थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला मॅक्लारेनला सुमारे ३.२ सेकंद लागतात, वेरॉनला २.५. वेरॉनचे गिअर झटपट बदलतात हे खरे. पण मोठे कारण चाकांत आहे. मॅक्लारेनची मागची दोनच चाके इंजिनाला जोडलेली आहेत, वेरॉनची चारही. चाक जमिनीला जेवढे मागे रेटेल तेवढीच गाडी पुढे जाणार, आणि त्या रेट्याची कमाल मर्यादा म्हणजे चाकावरचा भार गुणिले घर्षणगुणांक. त्यापुढची अश्वशक्ती नुसते रबर झिजवते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना हे पाहायला परदेशी जायला नको. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत उतरलेला ट्रॅक्टर पाहा. इंजिन ओरडते, चाक गरगरते, ट्रॅक्टर जागीच! म्हणून चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात. कोरड्या रानात जड नांगर ओढायचा तर मागच्या टायरांत पाणी भरतात, चाकांना लोखंडी वजने जोडतात; म्हणजे वजन मुद्दाम वाढवतात. शंकरपटात नेमके उलटे. तिथे छकडी होईल तितकी हलकी हवी, कारण तिची चाके केवळ गडगडतात, जमिनीला रेटतात ते बैलांचे खूर. (२०१४ ते २०२१ न्यायालयीन बंदीमुळे हे पट थांबले होते.) एकाच गावात वजन कुठे मित्र, कुठे शत्रू.

शर्यतीच्या मार्गावर वळणे येतात तेव्हा मात्र ते बहुतेक शत्रूच. पुस्तकातल्या सूत्रात वळणावरचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. रबर ते सूत्र तंतोतंत पाळत नाही. भार दुप्पट केला तर टायरची पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. शिवाय वळणाआधी ब्रेक दाबावा लागतो. वेग तोच असला तरी वेरॉनच्या ब्रेकांना मॅक्लारेनच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते, तीही प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणाला.

शिक्षकांनी एक मोजणी जरूर करून घ्यावी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला रंगीत चिंधी बांधा. चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर पुढे गेला हे आधी कोरड्या रस्त्यावर, मग बांधीत मोजा. मुलांनी धुऱ्यावरून, दूर उभे राहूनच फेऱ्या मोजाव्यात. दोन अंतरांतला फरक म्हणजे चिखलात वाया गेलेले चाकाचे फिरणे; ते शेकडा किती, हे मुले स्वतःच काढतील.